महाल दिला, विहीर नाही

वडिलांचं वजन आमच्या दारातल्या चपलांवरून कळायचं. शहरातल्या एका बड्या पुढाऱ्याचा उजवा हात म्हणून सगळे त्यांना ओळखत. साहेबांनी कुणाला भेटावं, कुणाला टाळावं, हे आधी आमच्या ओसरीवर ठरे आणि मग साहेबांना सुचे. दुष्काळात नळ कोरडे पडले, तेव्हा टँकर कुठं वळवायचा हेही वडीलच सांगत. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

मग वडिलांनी एक टँकर चुकीच्या वस्तीत पाठवला. म्हणजे वस्ती बरोबर होती, साहेबांच्या लेखी ती चुकीची. शहर फुलंब्रीच्या रस्त्यानं वाढत आमच्या घरापर्यंत आलं होतं. आमच्या शेजारीच गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधलेल्या लोकांनी साहेबांना मतं दिली नव्हती. त्यांना तहान लागू नये, अशी साहेबांची अपेक्षा असावी. वडिलांवर खप्पामर्जी झाली. थोड्याच दिवसांत दारात फक्त आमच्या घरच्या चपला उरल्या.

घरामागं आमचं थोडं रान होतं आणि त्यात न आटणारी विहीर. साहेबांचा भाचा निरोप घेऊन आला: विहिरीसकट रान साहेबांच्या नावावर करून द्या, सगळं पहिल्यासारखं होईल. वडील नाही म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या विहिरीत मी पोहायला शिकले होते.

माझी बी.ए.ची परीक्षा जवळ आली होती आणि मी इंग्लंडचा इतिहास मोठ्यानं वाचत ओसरीवर बसले होते. एक कसायाचा पोरगा हुशारीवर राजाचा मुख्य सल्लागार झाला. राजा शिकारी करी, राज्य हा चालवी. त्यानं नदीकाठी असा महाल बांधला की तो राजाच्या डोळ्यांत भरला, म्हणून त्यानं तो राजालाच देऊन टाकला. पुढं राजाला पहिली राणी सोडून दुसरी करायची होती. पोपची परवानगी काही याला आणता आली नाही, म्हणून राजानं त्याला पदावरून काढलं. खटल्यासाठी नेत असताना वाटेतच तो मेला. पुस्तकात त्या पतनासाठी लांबलचक वाक्य होतं, मी वाचताना सरळ खप्पामर्जी म्हटलं.

शेजारी सुपारी कातरणाऱ्या वडिलांचा अडकित्ता थांबला.

"महाल आधी दिला, का काढल्यावर?"

"आधी, बाबा."

"आन् तरी काढलं?"

"व्हय."

कातरलेली सुपारी तशीच ठेवून ते उठले आणि विहिरीकडं गेले.

भाचा परत आला, तेव्हा वडिलांनी त्याला चहा दिला आणि मला पुस्तक आणायला सांगितलं. मी ते पान ठसक्यात वाचून दाखवलं. याचा इथं काय संबंध, असं त्यानं विचारलं.

"साहेबाला सांगा, विहीर मी देनार नाय," वडील म्हणाले. "मर्जी ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशीच."

आवाज जराही चढला नव्हता. आजही तो प्रसंग सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

त्याच आठवड्यात वडिलांनी विहिरीवर मोटार बसवली आणि वस्तीला पाणी खुलं केलं. साहेबांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. विहिरीवर मात्र आधी कुणी भरायचं यावरून रोज भांडणं जुंपत आणि ती सोडवायला माणसं वडिलांकडं येत. चिखलानं ओसरी खराब होते म्हणून आई करवादायची. मी तिला म्हणायचे, अगं बघ तरी. सगळं शहर कोरडं ठणठणीत पडलं होतं, आणि आमच्या दारात ओल्या चपलांची रांग लागली होती.