पाण्यावाचून वीस नग

त्याला सगळे सूतभर म्हणत. दाराची फट असो की सुनेने लावलेला पडदा, "सूतभर सरकव" हे त्याचं ठरलेलं. तीस वर्षं एकाच कारखान्यात मशीनवर ॲल्युमिनियमचे भाग कापले, आणि तीस वर्षं कटर गार ठेवायला दुधासारखं पांढरं पाणी धो धो सोडलं. शेवटी त्या पाण्यानेच दावा साधला. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. खाज अशी, की हातातला घास खाली ठेवावा लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी सोडा, नाहीतर मशीन सोडा."

मालकीणबाईंनी मधला मार्ग काढला. "मामा, आज वीस नग त्या पाण्याशिवाय काढून दाखवा. पसंत पडले तर मशीन तुमची. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला बसा."

पॅकिंग म्हणजे खोकी चिकटवायची. सूतभरने पाण्याचा नळ बंद केला.

शेजारच्या मशीनवरची आक्का म्हणाली, "भाऊ, कपाटातला फवारा लावा की."

नळीतून जोराचा वारा आणि त्यासोबत तेलाचे बारीक कण, असं ते यंत्र. दोन वर्षांपूर्वी नवंकोरं आलं तेव्हा ह्यानेच हसून आत टाकलं होतं, "पाहुण्यांवर अत्तर शिंपडायचंय का?" म्हणून. आता तेच मागायचं म्हणजे थुंकलेलं गिळण्यातला प्रकार.

"नुसता वारा पुरे," तो म्हणाला आणि साधी हवेची नळी कटरवर रोखली.

चार नग ठीक निघाले. पाचव्याला मशीन कण्हायला लागली. ॲल्युमिनियम म्हणजे लाडावलेलं पोर. जरा ऊब मिळाली की चिकटलंच. कटरच्या धारेवर त्याचा थर बसला आणि नगावर मांजराने बोचकारल्यासारखे ओरखडे उठले.

"वाऱ्याने कपडे वाळतात, भाऊ. धार वाचत नाही."

"फार बोलू नकोस. ते... कपाटाची किल्ली कुठंय?"

"मोठ्याने बोला, मशीन चालू आहे."

"फवारा दे म्हणतोय!"

"आता कसं!"

नवं कटर लावलं, तेलाचे कण नाकात जाऊ नयेत म्हणून वरचा पंखा सुरू केला. खोल खाचेत कीस अडकायला लागला, तेव्हा नळी मागच्या अंगाने वळवली. मग मात्र कीस कसा उडाला म्हणता! चांदीसारखा, मोकळा. हाताला पाण्याचा शिंतोडा नाही. जेवणाची सुट्टीसुद्धा त्याने तिथेच उभ्याने काढली.

संध्याकाळी बाईंनी प्रत्येक नग मापून पाहिला, वरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही.

"वीस आहेत. पण आक्का म्हणते पाचवा बिघडला होता, तो कुठे?"

"तो भंगारात. माझा शहाणपणा आहे तो."

बाई हसल्या. "ठेवा मशीन, मामा. हात कोरडे ठेवा, आणि हट्ट जरा कमी करा."

"हात तेवढे कोरडे ठेवतो," सूतभर म्हणाला, आणि एकविसावा नग पकडीत बसवायला वळला.