पुढचा शब्द

पार्ल्याला आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्रॉम्प्टर राहायचे. विंगेत उभं राहून नटांना ओळी पुरवण्यात त्यांची उमर गेली होती. त्यामुळे ते दूधवाल्याशीही कुजबुजत बोलत, आणि आपण वाक्यात जरा अडखळलो की पुढचा शब्द तेच पुरवत. तो बहुतेक वेळा बरोबर असे, हे जास्त त्रासदायक.

सत्तर सालच्या सुमारास माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला गणेशोत्सवाच्या नाटकात काम हवं होतं. निवडीसाठी एक स्वगत म्हणून दाखवायचं होतं. तिला विष पिणारी राणी करायची होती. ती शिकायला वर गेली, तर प्रॉम्प्टरांनी तिला काम सोडून निघालेल्या मोलकरणीचं लहानसं स्वगत दिलं.

"काका, यात रडायचं कुठे?"

"रडायला बाकीच्या आहेत गं. तू शेवटच्या वाक्याआधी थांब आणि घराकडे एकदा बघून घे."

निवडीच्या दिवशी आधीच्या साऱ्या राण्या गर्जना करत विष प्यायल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल सावरत खुर्ची मागे घेतली. मग माझी मुलगी हळू आवाजात बोलू लागली. अध्यक्षांची खुर्ची पुढे आली. शेवटच्या वाक्याआधी ती थांबली, ती इतकी, की विसरली असं मलाही वाटलं. माझ्या शेजारी प्रॉम्प्टरांचे ओठ हलले, आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. तिने घराकडे बघून घेतलं आणि वाक्य पुरं केलं.

काम तिला मिळालं. जिन्यात मी त्यांचे आभार मानायला गेलो आणि नेमका एका शब्दापाशी अडलो. ते हसत उभे राहिले. या वेळी मात्र त्यांनी पुढचा शब्द पुरवला नाही.