मावसाजी आणि दोन दिवस आधीच्या सह्या

देशाच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या तेव्हा आमचे मावसाजी जन्मलेसुद्धा नव्हते, पण त्या सभागृहात त्यांच्याइतकं बारीक लक्ष ठेवून दुसरं कोणी बसलं असेल असं मला वाटत नाही. उटनूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहीत. माणूस शेताच्या नकलेसाठी आलेला असो की रेशनकार्डासाठी, आधी त्याला सह्यांची कथा ऐकावी लागे. घटना अमलात यायच्या दोन दिवस आधी सह्या झाल्या, बाहेर पाऊस भुरभुरत होता, पंतप्रधानांनी पहिली सही ठोकली ती वर जागाच न सोडता, मग संविधान सभेच्या अध्यक्षांना आपली सही वरच्या फटीत तिरपी बसवावी लागली. "म्हून सांगतो, वरतं जागा सोडून दस्तखत करा. तेवढ्या मोठ्या लोकाइची बी पंचाईत झालती," असं ते बजावत. समोरचा बिचारा मान डोलवी. तोवर त्याची बस गेलेली असे.

अंगठ्याची शाई मात्र त्यांनी टेबलावर कधी ठेवली नाही. अंगठा म्हटला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. जुन्या पेपरच्या समासात नाव गिरवून घेत, ते जमलं की मगच अर्ज पुढे सरकवत. एका गोंड म्हाताऱ्याला त्यांनी सलग चार आठवडी बाजार बसवून शिकवलं, आणि म्हातारा जाताना त्यांच्या पाया पडला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, घरात माझी मावशी मात्र अंगठाच लावत राहिली. "मले काऊन नाई शिकवत?" ती विचारी. "तुले काय काम पडते? मी आहो ना," मावसाजी म्हणत, आणि वर तिलाच सांगत की घटनेच्या पानांवर बायकांच्याही सह्या आहेत. मावशी भाकरी थापायला उठून जाई. मला तेव्हा हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी मावशीची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "डाव्या हातानं तं लिवता येईन ना?" मावसाजींनी टेबल उचलून घरी आणलं. रोज सकाळी तिचा हात धरून ते पाटी घेऊन बसत. तिचं नाव यमुना, तीनच अक्षरं. दोन आली. तिसरं यायच्या आत मावशी गेली.

मृत्यूच्या दाखल्यासाठी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. कारकुनाने बोट ठेवलं तिथे त्यांनी मुकाट सही केली. बाहेर पायरीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दोन अक्षरं तरी शिकली मावशी."

"लग्नात हिचा हात धरला होता," ते हळू म्हणाले. "त्याच्यानंतर हे अक्षरं गिरवतानाच. मंधात चाळीस वर्सं गेली, बापू."