'शकूची गाणी' नावाची क्यासेट

मी कुरखेड्याची. वय सदुसष्ट, स्वतःचे दात अकरा. या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी हसते, हे आधीच कबूल करते. भूत म्हटलं की मला त्याला जेवलास का म्हणून विचारावंसं वाटतं. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही फार बसलाय असं नाही. पण यंदाच्या चैत्रात, भर दुपारी चार वाजता, पंखा चालू असताना, माझ्याच हॉलमध्ये जे झालं ते लिहून टाकते. आता तुम्ही हसा, म्हणजे फिट्टंफाट.

आमच्या टीव्हीशेजारी एक काळा डबा आहे. सून प्रणाली पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, तिनं तो आणला. सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, लग्नांचे व्हिडिओ वायफायवरून त्यात जाऊन पडतात. आत दोन डिस्क, दोन्हीत तेच... एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, शाळामास्तर होते. जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना आवाज जमवायचा नाद. दंडारीची नाटकं, भातरोवणीची गाणी, मंडईतली भांडणंसुद्धा. त्यांच्या चौदा क्यासेटी प्रणालीनं मागच्या दिवाळीत या डब्यात उतरवून ठेवल्या.

त्यातल्या एका क्यासेटवर 'शकूची गाणी' असं लिहिलंय. शकू म्हणजे मी. आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, इलाज नाही.

मी चंद्रपूरची, मॅट्रिक पास. शाळेच्या गायन स्पर्धेत दुसरी आले होते. स्पर्धेत दोघीच होतो, हे सासरी सांगितलं नाही. विसाव्या वर्षी लग्न होऊन कुरखेड्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा मला वाटायचं या जंगलावर मी उपकारच केले.

चैत्रात उजाडता उजाडता मोहफुलं वेचायला जावं लागे. मोहाची फुलं अस्वलालाही आवडतात, म्हणून बाया एकमेकींना हाका देत वेचतात. कोणी झाडाआड गेली की हाक मारायची, तिनं ओ द्यायची. ओ आली नाही तर टोपली टाकून धावायचं. माझ्या सासूबाई, मी त्यांना मायच म्हणायची, थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायच्या, "शकूऽऽ, कुठी आहेस वो?" मला मेली लाज वाटायची. मॅट्रिक पास बाईनं रानात ओरडून "हाव माय" म्हणायचं? एका सकाळी ठरवलं, नाही देत ओ. बुंध्याआड पदर तोंडात कोंबून हसत बसले. एवढी मी हुशार.

नेमका त्याच सकाळी गुरुजींनी नवा टेपरेकॉर्डर झाडाखाली ठेवलेला, पाखरांचे आवाज घ्यायला.

दुपारी घरी त्यांनी क्यासेट लावली. मायची एक हाक. दुसरी. मग आवाज चढत गेला, मग फाटला, मग काटक्या मोडत धावण्याचा आवाज... आणि क्यासेट बंद. त्या धावण्यात मायचा पाय मुरगळला, पंधरा दिवस ती लंगडली. मला एका शब्दानं रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आवाज देत जाय बाई."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती क्यासेट मला घरात नकोशी झाली. कोणी नसताना मी लाल बटण दाबलं, त्यावर गाणी म्हटली आणि वर माझं नाव लिहून टाकलं. पुढच्या पावसाळ्यात माय तापानं गेली. तिच्या आवाजाची तेवढी एकच क्यासेट होती. गुरुजींनी विचारलं, नणंदेनं विचारलं. मी म्हटलं, उंदरानं रीळ खाल्लं.

नणंद सोनाबाई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, गडचिरोलीला असतात. उंदराची गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही. दर चैत्रात फोन यायचाच, "वहिनी, मायची क्यासेट घावली काय?" पंचेचाळीस वर्षं. यंदा त्या आल्या त्या कानाच्या डॉक्टरकडूनच. एक कान गेलेला, दुसराही वर्षभरात जाईल म्हणाला. पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, "आता नाई घावली तं राहू दे वो. मंग घावूनही मले का ऐकू येनार हाये."

मी चहा ठेवायला उठले. त्यात साखर दोनदा पडली.

त्याच आठवड्यात डबा टी-टी करायला लागला. जागा संपली. प्रणालीनं दुप्पट मोठ्या दोन डिस्क मागवल्या. एक जुनी काढून नवी घातली, सगळं तिच्यात उतरायला एक अख्खा दिवस. मग दुसरी, आणखी एक दिवस. मधे लाईट जायला नको म्हणून डबा इन्व्हर्टरला जोडलेला. शेवटी डब्याला सांगायचं, बाबा आता ऐसपैस पसर. मला ते लगेच समजलं... जुन्या ढोलीतलं धान मोठ्या ढोलीत ओतायचं, दुसरं काय.

"एवढं काय भरून राह्यलं याच्यात?" सोनाबाईंनी विचारलं.

"फोटो, आत्या," प्रणाली म्हणाली.

"घरात मानसं तं तीनच."

अर्धा डबा रिकामा झालेला मी डोळ्यांनी पाहिला. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा टी-टी.

प्रणाली लॅपटॉप घेऊन बसली. मग म्हणाली, "आई, एकच फाईल सगळी जागा खाऊन राह्यली. 'शकूची गाणी'. अर्ध्या तासाची होती. आता लावली तर दिवाळी उलटली तरी संपायची नाही." मागच्या दिवाळीनंतर कोणी त्या फाईलला हात लावल्याची नोंदही नव्हती. "खराब झाली असेल. डिलीट केली की सगळी जागा मोकळी. करू?"

स्क्रीनवर तोच प्रश्न, हो की नाही. मी हो म्हटलं असतं तर पंचेचाळीस वर्षांचं खोटं कायमचं पुसलं जात होतं. होकार अगदी जिभेवर आला होता. पलीकडे सोनाबाई खाली बसून चिंचोके काढत होत्या, चांगला कान आमच्याकडे करून.

"थांब," मी म्हटलं. "आधी लाव. बाई, तुम्ही इकडे या."

आधी माझं गाणं आलं.

"हे कोन रडून राह्यलं?" सोनाबाई म्हणाल्या.

"मी."

"अन् स्पर्धेत दुसरी कशी आलती वो?"

"दोघीच होतो."

प्रणालीनं गाणं पुढे सरकवलं. पाखरं. मोहाची फुलं पडल्याची टपटप. आणि मग, "शकूऽऽ, कुठी आहेस वो?"

सोनाबाईंच्या हातातला चिंचोका हातातच राहिला.

ओ देता येईल एवढा थांबा. पुन्हा हाक. प्रणालीनं मधेच कुठेतरी नेऊन लावलं, तीच हाक. पार शेवटाला नेलं, तीच. पण एकच हाक पुन्हा पुन्हा वाजत होती असं नाही. एकदा मधे खोकला, एकदा घसा बसलेला, एकदा अगदी जवळून. धावत मात्र नव्हती. नुसती बोलावत होती.

मग मी सोनाबाईंना सगळं सांगितलं. बुंधा, पदर, लाल बटण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हंजे उंदीर तूच व्हय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंग आता तरी आवाज दे ना वो. केवढ्या खेपा बलावून राह्यली माय."

खरं सांगते, तेव्हाही लाज वाटली. सूनबाईसमोर, टीव्हीशेजारच्या डब्याला ओ द्यायची... हाक आली. मी म्हटलं, "हाव माय. इथीच आहो."

थांबा तेवढाच. पुढची हाक आली नाही.

स्पीकरमधून माय म्हणाली, "बरं."

मग टोपलीत फुलं पडायचा आवाज, आणि तिचं स्वतःशीच गुणगुणणं. सोनाबाई चांगला कान स्पीकरला टेकवून बसल्या आणि त्याच सुरात हलू लागल्या. ते गाणं त्यांना येत होतं, मला नाही. मग खट् करून क्यासेट संपते तसं संपलं.

फाईल अर्ध्या तासाची झालेली. डबा तीन हिस्से रिकामा.

प्रणाली म्हणते, जुन्या टेपरेकॉर्डरचं पुसणारं हेड कच्चं असलं की खालचा आवाज उरतो. पटलं. पण मग फाईल दिवाळीपर्यंत लांबली कशी? तिनं कंपनीतल्या लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, सुट्टी घे. आणि ते "बरं"? त्या सकाळी माय "बरं" म्हणालीच नव्हती. म्हणायला मी ओ कुठे दिली होती? मोठ्या डिस्क रिकाम्या पडल्यात, त्यांचं काय करावं हाही प्रश्न आहे.

सोनाबाई तो आवाज मोबाईलमध्ये घेऊन गडचिरोलीला गेल्या. आता फोन करतात तेव्हा क्यासेटचं विचारत नाहीत. इतकी वर्षं मला वहिनी म्हणायच्या, आता फोन उचलला की म्हणतात, "शकू, कुठी आहेस वो?"

त्यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी अंगणात जाऊन, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं ओरडते, "हाव बाई, इथीच आहो."