साठांवरची जाळी

गेल्या आठवड्यात मंगळवारी पुण्याहून मुलाचं पार्सल आलं... आणि माझी लिहायची वेळ गेली.

पार्सलमध्ये जाळी होती. मच्छरदाणीसारखी, चेनवाली, उघडली की तंबूसारखी उभी राहणारी. आंब्याची साठं, म्हणजे रसाच्या पोळ्या, वाळवायची ताटं आत ठेवून चेन ओढली की झालं. कावळा नाही, खार नाही, मुंगळे नाहीत... आणि आईने राखत बसायलाही नको.

मंदारने प्रेमानेच पाठवली होती. या वयात भर उन्हात किती बसशील, म्हणाला. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि त्या जाळीकडे नुसती बघत राहिले.

आता खरं काय ते सांगते. मी रत्नागिरीत एकटी राहते, हे जाऊन सहा वर्षं झाली. माझी शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयातून आणून आणून वाचलं. आणि दोन वर्षांपासून मी गोष्टी लिहिते... हे कुणालाच माहीत नव्हतं.

एकटी बाई म्हणजे रिकामी बाई, असा लोकांचा समज असतो. वही घेऊन बसले की कुणाला बँकेत सोबत हवी असते, कुणाचं मूल सांभाळायचं असतं. पण घरापुढच्या खळ्यात साठं वाळत असली आणि मी पडवीत काठी घेऊन बसलेली असले, की कुणी हाक मारत नाही. काठीच्या बाजूला वही... अकरा ते एक.

म्हणून साठं झाली की आमसुलं, मग मिरच्या, मग सुपारी... काहीतरी वाळत घालायचंच. गेल्या वर्षी आमसुलं इतकी झाली की सगळ्या गोतावळ्यात वाटूनही उरली. लोक म्हणाले, हिला हौस भारी. हौस होतीच, पण ती वेगळी.

जाळी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. मी त्यांना अक्का म्हणते. जाळी चारी बाजूंनी बघितली, पोरगा गुणाचा म्हणाल्या, आणि लगेच, "बरं झालं गो, सुटलीस. चल, फणस फोडलाय, गरे चिरायला ये."

गेले मी. गुरुवारी गेले, शुक्रवारीही गेले. तीन दिवस वहीला हात नाही. शुक्रवारी संध्याकाळी मंदारला फोन केला आणि सांगून टाकलं, की जाळी छान आहे, पण मी तिथे साठं राखत नव्हते, लिहीत होते.

आधी खूश झाला, मग कामालाच लागला. तो कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतो ना... किती पानं, किती प्रकरणं, शेवट काय? मी म्हटलं, लांज्याच्या स्टँडवर एक बाई पिशवी घेऊन उतरलीय, पुढचं मलाही माहीत नाही. माहीत नाही असं कसं चालेल, म्हणाला. आधी पूर्ण प्लॅन कर, मी शीट पाठवतो, तू नुसती भर.

शीट आलीसुद्धा. शनिवारी भरून पाहिली. त्या बाईला नवरा दिला, जमिनीचा वाद दिला, शेवटी घरी परत आणली. मग वही उघडली, तर तिच्याबद्दल एक ओळ लिहावीशी वाटेना. तिचं सगळं ठरूनच गेलं होतं... मी कशाला बसू?

आमच्या यांनाही प्रत्येक गोष्टीची यादी लागायची. मिरजोळ्याला कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर काय काय करायचं ते वर्षवार लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पहिल्या वर्षी पडवीचं छप्पर, दुसऱ्या वर्षी दोघांनी काशी... रिटायर व्हायला आठ महिने होते, तेव्हा गेले. कागद अजून तिथेच आहे. साडी काढताना रोज दिसतो.

रविवारी मंदारला सांगितलं, "तुझ्या बाबांनी सगळं आखलं होतं. मी रोज वाचते ते. आता मला न आखलेलं काहीतरी करू दे."

 थोड्या वेळाने मेसेज आला, शीट डिलीट केली म्हणून.

आणि मी काही वाटेल तसं लिहीत नाही हो. साठं कशी करतात? रसाचा पातळ थर द्यायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की वर दुसरा. घाई केली तर आतून बुरशी धरते. कितवा थर शेवटचा, हे पहिल्या दिवशी कुणी ठरवत नाही, ते हाताला कळतं. मीही कालचं पान वाचते, वाळलंय असं वाटलं तरच पुढे जाते. माझं प्लॅनिंग एवढंच.

राहता राहिले माझे दोन तास. सोमवारी अकरा वाजता पडवीत बसले. समोर जाळी, चेन लावलेली. काठी घेतलीच नाही, फक्त वही.

अक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "रिकामी काय बसलीस गो? ये की इकडे."

खोटं कशाला सांगू. सासू झालेली बाई मी, जावेला एवढं सांगायला घाबरले...

"रिकामी नाही अक्का, लिहितेय. एक वाजल्यावर येते."

"काय लिहितेस?"

"गोष्ट."

अक्का कुंपणाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर नाही ना?"

"अजून तरी नाही."

हसतील असं वाटलं होतं. नाही हसल्या. आत गेल्या. एकला मलाही जायचा धीर झाला नाही, आणि दुपारच्या चहाला त्याही आल्या नाहीत. आज तिसरा दिवस, राग आहे अजून... असू दे. या तीन दिवसांत माझी सात पानं झाली.

अक्का चांगल्या आहेत. हे गेले तेव्हा महिनाभर माझ्याजवळ झोपायला येत होत्या, ते मी विसरणार नाही. उद्याही चहाला आल्या नाहीत तर मीच जाईन त्यांच्याकडे, गरे चिरीन, बोलणी खाईन.

एकच्या आधी मात्र नाही.