वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि नवऱ्या मुलाची टोपी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न वर्तुळाच्या क्षेत्रफळामुळं मोडता मोडता राहिलं.

मी वाशी या तालुक्याच्या गावात राहतो आणि जवळच्याच एका गावातल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. (शिकवतो असं माझं म्हणणं आहे. मुलांचं वेगळं असू शकेल.) वडील गेल्यापासून घरात आई, बहीण शीतल आणि मी. गेल्या वर्षी शाळेत नवीन पद्धत आली. शिक्षकानं धड्याचा व्हिडिओ करून शाळेच्या चॅनेलवर टाकायचा, मुलांनी तो घरी बघायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त उदाहरणं सोडवायची, अडलं तर विचारायचं. प्रशिक्षणाला आलेले साहेब याला 'मिश्र अध्यापन' म्हणाले. मला त्यात पहिल्यापासून काळंबेरं दिसत होतं. धडा मोबाईल शिकवणार, उदाहरणं पोरं सोडवणार, मग मी कशाला? आज व्हिडिओ मागतायत, उद्या म्हणतील, सर, व्हिडिओ पोचला, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल.

आईला सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पगार तुला का मोबाईलला?"

संशय घेण्याचा गुण माझ्यात कुठून आला हे यावरून लक्षात यावं.

त्याच सुमारास शीतलला एक स्थळ आलं. मुलगा माझ्या शाळेच्याच गावचा, नाव अमोल. घरची शेती आणि ठिबकच्या पाइपांचं दुकान. त्याची पुतणी माझ्याच आठवीच्या वर्गात, म्हणजे माणसं ओळखीतली. ते येऊन मुलगी बघून गेले (अमोल उन्हाची टोपी घालून अंगणातच बसला होता, बोलायचं काम वडिलांनी केलं), त्यांना पसंत पडली. मग रविवारी आई आणि जळकोटची मावशी त्यांचं घर बघून आल्या. (मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई संशय घेते, मावशी तो पक्का करते.) मला शाळेचं काम होतं म्हणून मी गेलो नव्हतो. दोघी परत आल्या त्या नाक मुरडतच. काय ते नंतर बोलू म्हणाल्या, आणि मी कामाच्या नादात विचारायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी माझा पहिला व्हिडिओ करायला घेतला, विषय वर्तुळाचं क्षेत्रफळ. शाळेतून गुंडाळी फळा आणून मागच्या खोलीच्या भिंतीवर टांगला. मोबाईल कशावर ठेवायचा हा प्रश्न होता. त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, ताटं सरकवण्यापुरती. तिच्या कट्ट्यावर शेंगदाण्याच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केला. तिथून फळा अगदी बरोबर दिसत होता. मग सगळ्यांना दम भरला की मी सांगेपर्यंत कुणी भांड्याला हात लावायचा नाही, मिक्सर नको, नळ नको, पंखासुद्धा नको.

हीच माझी मोठी चूक. भांडी वाजली असती तर वाचलो असतो. पण भांडी वाजवायची नाहीत म्हटल्यावर आई आणि मावशी खिडकीखाली लसूण सोलायला बसल्या. जगात लसूण सोलण्याइतकं बिनआवाजाचं काम दुसरं नाही, आणि ते करताना माणसाला बोलण्याइतकं दुसरं काही सुचतही नाही. मी फळ्याजवळ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोघी मोबाईलपासून हातभर अंतरावर. मला त्यांची कुजबुज ऐकू येत नव्हती. मोबाईलला येत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मी तो व्हिडिओ शिक्षककक्षात बसून तपासला. आवाज बंद करून. (माझं अक्षर कसं आलंय आणि शर्ट चुरगळलेला दिसतोय का, एवढंच बघायचं होतं. शिकवलेलं मला पाठच होतं.) अक्षर उत्तम आलं होतं. चॅनेलचं काम बघणाऱ्या शेख सरांकडं देऊन टाकला.

संध्याकाळपर्यंत पोरांपेक्षा जास्त लोकांनी तो बघितला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. जे पालक पोरगं कितवीत आहे हे विचारून सांगायचे, ते फोन करून लिंक मागू लागले. स्टँडवर चहा प्यायला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, सर, लई भारी शिकिवलंय. मी त्याला त्रिज्या समजली का विचारलं. त्रिज्येचं काय माहीत न्हाय म्हणाला, पण पुढं काय होतंय त्याची उत्सुकता लागलीय. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. त्यांनीही व्हिडिओ ऐकलेला नव्हता, फक्त आकडा बघितला होता.

एकटे शेख सर तेवढे अवघडल्यासारखे वागत होते. दोनदा जवळ आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही एकदा हेडफोन लावून ऐका बरं." मी मनात म्हटलं, जळतायत. यांच्या भूगोलाच्या व्हिडिओकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, म्हणून आता माझ्यात खोट काढतायत. मी त्यांना म्हणालो की गणितात गोडी असेल तर ती साध्या आवाजातही लागते. ते बिचारे आपल्या तासाला निघून गेले.

दोन-चार दिवसांनी अमोलच्या वडिलांचा फोन आला. चहाला या, सगळे या, सरांना पण आणा. आईच्या कपाळावर आठी पडली. एकदा घर बघून झाल्यावर परत कोण बोलावतं? मावशीला जळकोटहून पुन्हा बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं गेलो.

अमोल रस्त्यापर्यंत सामोरा आला. डोक्यावर दाट केस, बारीक कापलेले, तेल लावून विंचरलेले. आईनं मला कोपरानं ढोसलं. आम्ही बसायच्या आत तो बोलायला लागला तो थांबेचना. सोयाबीनचा भाव, ठिबकच्या नळ्या, वाशीचा बाजार, आमच्या तब्येती, सगळं बोलून झालं तरी त्याचं चालूच. मग त्याच्या आईनं फ्रिज उघडून बर्फाचं पाणी आणलं. मावशीला एक ग्लास झाल्यावर दुसरा दिला, मग तिसरा. मावशीचे दात दुखायला लागले तरी त्या बाई म्हणेनात की पुरे. इतक्यात अमोलच्या वडिलांनी आम्हाला अंगणात नेलं आणि काही कारण नसताना म्हशीला नावानं हाक मारली. म्हशीनं मान वळवली. त्यांनी परत हाक मारली. म्हैस आली आणि त्यांचा हात चाटत उभी राहिली. त्यांनी आमच्याकडं असं बघितलं की जणू त्यांची कोर्टात साक्ष झाली.

मला यातलं काहीच समजत नव्हतं. आईनं मला गोठ्याच्या आडाला ओढलं आणि घाईघाईनं सांगितलं की मागच्या वेळी हा पोरगा घरातसुद्धा टोपी घालून बसला होता, एक शब्द बोलला नव्हता, मावशीनं हात लावला तर फ्रिज कोमट लागला होता आणि म्हैस सारखी शेजारच्या घराकडं बघत होती, म्हणजे उसनी आणलेली. आणि आज हे सगळं आपोआप दुरुस्त कसं झालं?

"केस बघ त्याचे," ती म्हणाली. "ते खरे न्हायत. टोप असतोय तसला. हात लावून बघ."

मी शिक्षक आहे, मला ते शोभत नाही, असं मी सांगून बघितलं. पण घरातला कर्ता पुरुष मी. बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न होता. परत येऊन अमोलच्या शेजारी बसलो, केसात काडी अडकलीय म्हणालो आणि हात घातला. काडी नव्हतीच, त्यामुळं निघेना. आई डोळ्यांनी खुणावत होती की नीट बघ. मी जरा ओढलं.

अमोल हलला नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "ओढा सर, जोरात ओढा. पक्के हायत."

माझा हात त्याच्या डोक्यात तसाच राहिला. तेवढ्यात अमोलची आई पदर खोचून पुढं आली आणि मला म्हणाली, "सर, आणखी काय दाखवायचं राहिलं का? धड्यात तर एवढंच होतं."

"कुठल्या धड्यात?" माझ्या आईनं विचारलं.

त्यांनी मोबाईल आणला आणि माझा पाठ लावला. लांबून, आडात पडलेल्या माणसासारखा माझा आवाज येत होता की मुलांनो, हा वर्तुळाचा केंद्रबिंदू. आणि अगदी कानाशी, लसणाच्या सालीच्या करकरीसकट, मावशीचा: "टकला असंल गं. त्याबिगर घरात टोपी कोण घालतंय?" मग फ्रिज. मग म्हैस. मी फळ्यावर परीघ काढत होतो तोवर आईनं मुलगा मुका ठरवला होता. मी क्षेत्रफळाचं सूत्र लिहीपर्यंत सगळं स्थळ खोडून झालं होतं.

मावशी म्हणाली की हा आवाज तिचा नाही. कुणी तिच्याकडं बघितलंही नाही.

मी उठून हात जोडणार, तेवढ्यात अमोलच्या आईनं बोटानं थांबा अशी खूण केली. व्हिडिओत आता शीतल स्वयंपाकघरात आली होती. ती दबक्या आवाजात बोलत होती, आणि नेमकं त्याच वेळी मी फळ्यावर छडी आपटून 'इकडं लक्ष द्या' म्हणत होतो. तरी ऐकू आलं.

"आई, असू दे टकला. बघायला आले तवा अंगणात मला त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. मी म्हणलं, मला बीए पुरं करायचंय. ते म्हणाले, करा. आजवर मला आपल्या घरात हे कुणी विचारलं न्हाय."

पुढं फक्त लसूण सोलल्याचा आवाज, आणि लांबून मी त्रिज्येचा वर्ग करत होतो.

आईनं पदर तोंडाला लावला. तिच्या ते तेव्हा कानावरच आलं नव्हतं, ती म्हशीतच अडकली होती. मला तर काय, मी खोलीतच असून नसल्यासारखा. बहिणीला काय पाहिजे हे तिच्या भावाला परक्याच्या मोबाईलवर कळलं.

अमोलची आई माझ्या आईजवळ येऊन बसली. म्हणाली, "रागावले व्हते मी, खोटं कशाला बोलू? पण माझी लेक द्यायची व्हती तवा मी त्या लोकांच्या ज्वारीच्या पोत्यात हात घालून बघितला व्हता, खाली भुस्सा तर न्हाय म्हणून. आईचं मन असंच असतंय. तुमच्या पोरीचं बोलणं ऐकलं आणि यांना म्हणलं, बोलवा परत."

मग सगळं उलगडलं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी न्हाव्यानं अमोलचे केस असे कापले होते की टोपीशिवाय इलाज नव्हता (ते मग दुसऱ्या न्हाव्यानं सारखे केले), त्यातून दाढ दुखत होती. फ्रिज कोमट होता कारण लाइट गेली होती. म्हैस शेजारी का बघत होती ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. तो तिचा खासगी प्रश्न होता.

तिथंच सुपारी फुटली. येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं तिला पश्चात्ताप झालाय. वाशी जवळ आल्यावर म्हणाली, "एवढं बोलूनसुद्धा त्यांनी आपल्याला चहा पाजला. एवढी चांगली माणसं असत्यात का? काहीतरी असंल बघ."

लग्न झालं. शीतल बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि व्याह्यांकडं काही निघालं नाही. (आई अजून बघतेय.) मी शेख सरांची माफी मागितली आणि तो व्हिडिओ काढून टाका म्हणालो. ते म्हणाले, चॅनेलवरून काढतो, पण गावातल्या मोबाईलमधून काढायला मला घरोघर फिरावं लागेल.

पुढच्या पाठाला मी तयारीनं उतरलो. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावली, आईला देवळात पाठवलं, मोबाईलला छोटा माइक आणला आणि घनफळ इतक्या स्वच्छ आवाजात शिकवलं की मला स्वतःला ते पहिल्यांदा नीट समजलं. त्यानंतर पालकसभा झाली. मुख्याध्यापकांनी विचारलं की नव्या पद्धतीबद्दल कुणाची काही सूचना आहे का. मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. पद्धत चांगली आहे म्हणाले, पोरांबरोबर आमी पण बसतो बघायला. मला भरून आलं.

"फक्त गणिताच्या सरांना एक सांगायचंय," ते म्हणाले. "ह्या बारीला मागचं बोलणं काहीच ऐकू आलं न्हाय. त्यांनी जरा हळू शिकवावं."