निवांत न्हाय

आमच्या हुपरीत वाटेत कुणी भेटलं की पहिला सवाल ठरलेला, "काय, निवांत?" उत्तरही ठरलेलं, "व्हय, निवांत." बापाच्या दिवसाला निघालेला माणूसही तेच सांगतो. मीही सात-आठ महिने तेच सांगत होते.

पैंजणाला घुंगरू जोडायचं काम माझं. सासर चांदीवाल्यांचं, कारखाना म्हणजे माडीवरची खोली. त्या साली माझे हातच थांबले. चिमटा धरायचा आणि तशीच बसून राहायची. आंघोळ नको, जेवण नको, पोरीची वेणी घालायलाही जीव होईना. समोरची शेजारीण दारातून विचारायची, "काय वैनी, निवांत?" मी आतून कुजत होते आणि लोकांना मी निवांत दिसत होते!

शेवटी माझ्या बहिणीनं हाताला धरून मला एसटीत घातलं आणि कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. रोज सकाळी उन्हात चाला, वेळेवर झोपा, माणसांत बसा, हेही सांगितलं. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं.

घरात गोळ्या दिसल्या आणि जो तो वैद्य झाला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, ब्राह्मीचं तेल आणलं. थोरल्या दिरांनी मोबाईलवर बघून अश्वगंधा आणली, पहाटे प्राणायामाला बसवलं. आत्यांचा हात डोक्यावरनं फिरला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? उसाच्या कडेकडेनं मी चालायलाही लागले. दोन-अडीच महिन्यांत घुंगरू परत हातात बसायला लागले. लगेच दिरांनी निकाल दिला, "बघ की! चालण्यानं झालं. टाक त्या गोळ्या गटारीत. भरल्या घरात कसलं आलंय डिप्रेशन?"

आणि मी अक्कल गहाण ठेवून टाकल्या. मलाही तेच हवं होतं ना! गोळी नाही म्हणजे आजार नाही.

महिन्याभरात परत अंथरुणाला खिळले. तेल चालू होतं, अश्वगंधा चालू होती, तरीही. एक दिवस पोरगी शाळेला निघाली, स्वतःच घातलेली वाकडीतिकडी वेणी घेऊन. शेजारणीनं दारातून माझी चौकशी केली. पोरगी म्हणाली, "आई निवांत हाय, काकू." एवढीशी पोर, माझ्यापायी खोटं बोलायला शिकली! मला असा संताप आला, सगळ्यांचा आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. त्याच दिवशी मी एकटी एसटीत बसून डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि गोळ्या परत चालू करून घेतल्या.

घरी येऊन गोळ्यांची पट्टी घुंगरांच्या डब्याशेजारी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. खोलीत कबनूरचे पाहुणे बसले होते. दीर दातओठ खात म्हणाले, "पावण्यांम्होरं ते उचल."

"उचलणार न्हाय, भावजी," मी म्हणाले. "तेल बी लावतो, चालतो बी, आणि गोळी बी खातो. डॉक्टरीण बंद कर म्हणंल तवाच बंद." आमच्याकडं बायकाही 'खातो'च म्हणतात. त्या दिवशी तो 'खातो' मला भारी शोभला. पाहुणे चहा फुंकत बसले. पट्टी अजून तिथंच आहे.

हात पुन्हा वळायला दोन महिने गेले. पण चालायला मी दुसऱ्याच दिवशी बाहेर पडले, पाय ओढत. पोरगी सोबत होती. शेजारीण दारात पाणी मारत होती.

"काय वैनी, निवांत?"

"न्हाय," मी म्हणाले. पोरीनं दचकून वर बघितलं. "निवांत न्हाय. डिप्रेशन हाय मला. औषध चालू हाय."

शेजारणीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं मागं घरात एकदा बघून घेतलं.

"मी बी न्हाय, वैनी," ती हळूच म्हणाली. "थांबा जरा, चप्पल घालून आलो."